सह्याद्रीच्या पावसात डोक्यावर काय घालावे : ट्रेकसाठी टोपी निवडण्याची पद्धत

पावसाळी ट्रेकसाठी टोपी घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ‘ही वॉटरप्रूफ आहे ना?’ असा, आणि विक्रेता ‘शंभर टक्के’ म्हणून मोकळा होतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा क्रमांक बराच खालचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीत दिवसभर चढउतार करणाऱ्याचे डोके संध्याकाळी ओले झालेलेच असते; टोपीने पाणी थोपवले तरी घाम थोपत नाही. टोपीकडून अपेक्षा ठेवायची ती अशी की पाणी डोळ्यांत आणि चष्म्यावर येऊ नये, मानेवरून सदऱ्याच्या आत उतरू नये आणि वाऱ्याच्या एका झोताने टोपीच दरीत जाऊ नये. ही तिन्ही कामे मुख्यतः टोपीचा आकार, तिचा काठ आणि हनुवटीखालची दोरी करतात. म्हणून पुढील निवडीचा क्रमही तसाच लावला आहे. कापडाची चर्चा बरीच नंतर येते.

पाऊस कसा पडतो ते आधी पाहावे

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आंबोलीत ७,००० मिलिमीटरच्या आसपास. हा दसपट फरक डोळ्यांत भरतो, पण टोपीच्या दृष्टीने पाऊस किती पडतो यापेक्षा तो कोणत्या कोनातून येतो हे महत्त्वाचे आहे. भीमाशंकरच्या दाट रानात वारा झाडांत अडतो आणि पाणी पानांवरून सरळ खाली गळते. तिथे काठ असलेली कोणतीही बरी टोपी चालते. लोहगड किंवा विसापूरच्या उघड्या माथ्यावर मात्र पाऊस आडवा येतो, आणि नाणेघाटासारख्या कोकणाकडे तोंड असलेल्या जागी वाऱ्याचा जोर एवढा असतो की धबधब्याचे पाणी कड्यावरून वर उडताना दिसते. तिथे वरून संरक्षण करणारी वस्तू जवळजवळ निरुपयोगी ठरते.

थोडा हिशेब केला तर हे स्पष्ट होते. पावसाचे टपोरे थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतात. वाराही तेवढ्याच वेगाचा, म्हणजे ताशी साधारण ३२ किलोमीटरचा असेल, तर थेंब ४५ अंशांच्या कोनात येतात. अशा वेळी समोर ७ सेंटिमीटर आलेला काठ आपल्याखालच्या ७ सेंटिमीटर भागाला आडोसा देतो; टोपी भुवयांच्या थोडी वर बसली असेल तर डोळे आणि चष्मा वाचतात, नाकाचे टोक आणि हनुवटी भिजते. हा सौदा चांगला आहे. पण धुक्यातली बारीक भुरभुर घ्या. तिचे थेंब हलके असल्यामुळे सेकंदाला फार तर २ मीटर वेगाने खाली येतात, आणि त्याच वाऱ्यात ते जवळपास आडवेच वाहतात. तोच ७ सेंटिमीटरचा काठ आता जेमतेम दीड सेंटिमीटर झाकतो. मुसळधार पावसात खूश केलेली टोपी शिखरावरच्या किरकोळ वाटणाऱ्या झडीत नापास होते ती यामुळे, आणि तिथे कितीही रुंद काठ घेतला तरी उपयोग नाही. तिथे रेनकोटाचे टोपडेच लागते.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे आपण बहुतेक कुठे जातो हे प्रामाणिकपणे ठरवणे. रानवाटा आणि घाटातल्या आडोशाच्या वाटा असतील तर काठाची टोपी पुरते. डोंगरधारेवरून, पठारांवरून आणि कळसूबाईसारख्या उघड्या शिखरांवर जाणे असेल तर टोपडे आणि त्याखाली घालायची कॅप अशी जोडी विचारात घ्यावी. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. हवामान खात्याने रेड अलर्ट दिलेल्या दिवशी टोपी निवडण्याचा प्रश्नच येत नाही, घरी बसावे.

काठ : रुंदी, ताठपणा आणि मागची बाजू

काठ पुढे ६ ते ८ सेंटिमीटर असावा. त्यापेक्षा कमी असेल तर वर सांगितलेला हिशेब जमत नाही, आणि बराच जास्त असेल तर काठ शिडासारखा वाऱ्याला धरतो. दुकानात मोजपट्टी नेणे विचित्र वाटते, पण तर्जनीची लांबी घरी मोजून ठेवली तर तेवढ्याने काम भागते.

रुंदीइतकाच महत्त्वाचा गुण म्हणजे ताठपणा. कोरडी असताना झोकदार दिसणारी मऊ टोपी अर्ध्या तासाच्या पावसात लोंबू लागते, काठ डोळ्यांवर येतो आणि चालणारा माणूस एका हाताने तो सतत वर सारत राहतो. काठाच्या आत फोमचा पातळ थर, प्लॅस्टिकची पट्टी किंवा कडेने वाकणारी तार असेल तर हा त्रास होत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. टोपी मागच्या बाजूने धरून आडवी करावी, पुढच्या काठाच्या टोकावर मोबाइलची चार्जिंगची वायर किंवा तेवढ्या वजनाचे काहीतरी ठेवावे आणि काठ किती वाकतो ते पाहावे. कोरडेपणी एवढ्याने मान टाकणारा काठ पाणी प्यायल्यावर नक्कीच टाकेल.

मागच्या बाजूचा विचार मात्र बहुतेक जण करत नाहीत. आपल्याकडे भातलावणीच्या वेळी, म्हणजे मावळातल्या आवणीत, वापरले जाणारे इरले आठवून पाहा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पूर्वी पळसाची पाने आणि आता बहुधा प्लॅस्टिकचा कागद, आणि आकार असा की डोक्यापासून कमरेपर्यंतची पाठ झाकली जावी. ताठ उभ्या माणसाला ते अवजड आणि बेढब वाटते, कारण ते वाकलेल्या माणसासाठी आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून घडवलेले आहे. ट्रेकमध्ये चढावरचा माणूसही बहुतेक वेळ पायांखालच्या दगडांकडे पाहत मान खाली घालूनच चालत असतो. मान खाली गेली की टोपीचा मागचा काठ वर उचलला जातो आणि मानेचा मणका उघडा पडतो; तिथून शिरलेली धार थेट कमरेपर्यंत जाते. म्हणून मागचा काठ पुढच्यापेक्षा थोडा लांब आणि खाली झुकलेला असलेली टोपी घ्यावी. समुद्रावर काम करणाऱ्यांच्या जुन्या पावसाळी टोप्या अशाच असत. आरशासमोर टोपी घालून पाहताना आपण नेमके ताठ उभे राहतो आणि फसतो. बुटाची नाडी बांधायला वाकावे आणि त्या स्थितीत मानेवर काठ राहतो का हे कोणाला तरी पाहायला सांगावे.

या मागच्या काठाला एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे पाठीवरची सॅक. मोठ्या सॅकचे वरचे झाकण डोक्याच्या मागे कानांच्या उंचीपर्यंत येते. वर पाहायला मान मागे टाकली की काठ झाकणाला टेकतो आणि टोपी पुढे सरकून डोळ्यांवर येते. कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर दोन्ही हात गजांवर असताना असे होणे गमतीचे नाही. यावर उपाय दोन : मागचा काठ ताठ नसून मऊ कापडाचा असावा, म्हणजे तो दुमडला जातो, किंवा सॅकचे झाकण भरताना ते कमी फुगेल असे पाहावे. त्यामुळे टोपी घ्यायला जाताना सॅक भरून पाठीवर घेऊन जावे, हा माझा आग्रह आहे. दुकानातले लोक पाहतात, पाहू द्यावे.

दोरी आणि माप

दोरी नसलेली पावसाळी टोपी ट्रेकसाठी घेऊच नये, मग ती कितीही उत्तम कापडाची असो. दोरी हनुवटीखाली आवळायची असावी आणि आवळायचे बटण एका हाताने, तेही ओल्या बोटांनी, सरकवता आले पाहिजे. मागच्या बाजूला, कवटीच्या खालच्या उंचवट्याखालून जाणारा आणखी एक पट्टा असेल तर सोन्याहून पिवळे, कारण समोरून आलेला वारा टोपी मागे उलटवतो आणि एकट्या हनुवटीच्या दोरीवर ती गळ्यात लटकत राहते. कारवीच्या दाट झुडपांतून जाताना लोंबती दोरी फांदीत अडकते, म्हणून न वापरलेली दोरी टोपीच्या आत खोचून ठेवावी. जोराने ओढल्यावर आपोआप सुटणारी चाप असलेली दोरी मिळाली तर उत्तम.

मापासाठी शिंप्याची टेप भुवयांच्या वर एक बोट आणि कानांच्या वरून डोक्याभोवती फिरवावी. सेंटिमीटरमधला आकडा लिहून न्यावा, कारण एका कंपनीचे ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘मीडियम’शी जुळेलच असे नाही. केस लांब असतील तर अंबाडा किंवा वेणी ट्रेकला जशी घालता तशीच घालून माप घ्यावे. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठे घ्यावे, मात्र मागे आवळायची सोय असेल तरच.

कापड आणि त्यावरचे आकडे

पाणी रोखण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते : ५,०००, १०,०००, २०,००० वगैरे. त्याचा पावसाच्या मिलिमीटरशी काही संबंध नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर तो किती उंच झाल्यावर पाणी कापडातून झिरपू लागते, तो हा आकडा. जास्त आकडा म्हणजे जास्त दाब सहन करण्याची क्षमता. आता विचार करा, रेनकोटावर असा दाब कुठे येतो? सॅकचे पट्टे खांद्यावर रुततात तिथे आणि ओल्या दगडावर बसतो तिथे. डोक्यावर असे काहीच रुतत नाही. हेडटॉर्चचा पट्टा सोडला तर टोपीवर फक्त थेंब पडतात. म्हणून रेनकोटासाठी मोठ्या आकड्याचा आग्रह योग्य असला तरी टोपीसाठी ५,००० ते १०,००० पुरेसे आहे, आणि त्यापलीकडे मोजलेले पैसे चांगल्या काठाची टोपी घेण्यासाठी वापरलेले बरे.

दुसरा आकडा हवा खेळती राहण्याचा, म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते याचा असतो. आत अतिशय पातळ पडदा असलेली गोअर-टेक्स आणि तत्सम कापडे पाण्याचे थेंब अडवतात आणि घामाची वाफ बाहेर सोडतात. यात खोटे काही नाही, पण वाफ बाहेर जाण्यासाठी आतल्या हवेत बाहेरच्यापेक्षा बरीच जास्त वाफ असावी लागते. जुलैतल्या घाटमाथ्यावर बाहेरची हवाच उबदार आणि वाफेने जवळजवळ भरलेली असते. मग वाफेने जायचे तरी कुठे? थंड देशांत सुरेख काम करणारी महागडी टोपी आपल्याकडे आतून घामट होते ती या कारणाने, आणि ग्राहकाला वाटते की टोपी गळते आहे. सह्याद्रीपुरते बोलायचे तर या दुसऱ्या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा डोक्याच्या वर थोडी मोकळी जागा ठेवणारा उंच माथा आणि बाजूला वरून झाकलेली जाळीची खिडकी जास्त वारा देते.

खिडकी वरून झाकलेली हवी, कारण उन्हाळी टोप्यांना असतात तशी उघडी भोके पावसाळी टोपीला असतील तर बाकी सगळे व्यर्थ आहे. हाच नियम शिवणीला लागू आहे. सुई जिथून जाते तिथे भोक पडते, आणि कापड कितीही उत्तम असले तरी पाणी त्या भोकातून येते. टोपी उलटी करून आतल्या शिवणी पाहाव्यात. प्रत्येक शिवणीवर चकचकीत पट्टी चिकटवलेली असली पाहिजे, विशेषतः माथ्यावर जिथे सगळ्या शिवणी एकत्र येतात तिथे. माथ्यावर शोभेचे बटण असेल तर ती टोपी बाजूला ठेवावी. आणि कृपा करून आपल्या ट्रेकिंग ग्रुपचे बोधचिन्ह अशा टोपीवर भरतकामाने शिवून घेऊ नये. कपाळाच्या मधोमध शंभर भोके पाडून घेण्याचा तो हौशी मार्ग आहे.

आतल्या घामपट्टीसाठी सुती कापड नको. सूत पाणी धरून ठेवते, सुकत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास येतो. मेण लावलेल्या जाड सुती कापडाच्या टोप्या दिसायला देखण्या असतात, पण आपल्या उबदार पावसात त्या जड आणि गरम होतात. रंगाबाबत माझे मत स्पष्ट आहे : पिवळा, केशरी किंवा लाल. धुक्यात दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो, तेव्हा लष्करी हिरव्या रंगाची हौस महागात पडते.

टोपी, टोपडे, की दोन्ही

रेनकोटाच्या टोपड्यात तीन दोष असतात. पावसाचा आवाज कानांत घुमतो आणि मागच्याची हाक ऐकू येत नाही, मान वळवली तरी टोपडे वळत नाही आणि डोळ्यांसमोर फक्त कापड येते, आणि कपाळावरची कड ओली होऊन चष्म्यावर ठिबकते. काठाच्या टोपीने हे तिन्ही दोष जातात, पण वर पाहिल्याप्रमाणे आडव्या झडीत ती हरते. मग या दोन्हींचा मेळ घालायचा : पुढे कडक पट्टी असलेली, लवकर सुकणाऱ्या कापडाची साधी कॅप आत घालायची आणि गरज पडेल तेव्हा वरून टोपडे ओढून मागची दोरी आवळायची. कॅपच्या पट्टीमुळे टोपडे डोळ्यांवर येत नाही आणि डोक्याबरोबर वळते. ही कॅप वॉटरप्रूफ असण्याचीही गरज नाही. काठाची टोपी टोपड्याखाली मावत नाही, आणि टोपड्यावर घातली तर पहिल्याच झोतात उडते.

मला निवडायला सांगितले तर उघड्या डोंगरधारांसाठी मी ही जोडी निवडेन आणि रानासाठी काठाची टोपी. धबधब्यातून दोराने उतरायचे असेल किंवा दगड पडण्याची शक्यता असलेल्या वाटेने जायचे असेल तर हेल्मेट आधी, आणि त्याखाली मावेल अशी पातळ कॅप मग.

घरी आणल्यावर

भिजवलेली टोपी दुकानदार परत घेत नाही, म्हणून कोरड्या तपासण्या आधी कराव्यात. कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंकावे. थर सलग असेल तर हवा पलीकडे जाणवत नाही. शिवणीवरूनही असेच फुंकून पाहावे. नंतर टोपी घालून टेबलफॅन पूर्ण वेगावर ठेवून त्याच्यासमोर उभे राहावे, मान खालीवर करावी.

हे जमले की पाण्याची परीक्षा. डोक्याच्या मापाचे पातेले उपडे घालावे, त्यावर कोरडा टिश्यू पेपर पसरावा, वर टोपी बसवावी आणि शॉवरखाली दहा मिनिटे ठेवावे. कागद कुठे भिजला त्यावरून गळती नेमकी कळते : मधोमध भिजला तर माथ्याची शिवण, कडेने गोल भिजला तर घामपट्टीने पाणी वर ओढले. थेंब बाहेरून मोत्यासारखे घरंगळतात की कापड गडद होऊन पाणी पिते हेही पाहावे. बाहेरचा थर पाणी पिऊ लागला तरी आतला पडदा लगेच गळत नाही, पण टोपी जड आणि गार होते.

निगा

बाहेरच्या थरावरचा पाणी झटकणारा लेप घामाने, मळाने आणि तेलाने उतरतो. अलीकडे अनेक कंपन्यांनी पर्यावरणासाठी फ्लोरिनयुक्त रसायने सोडून दिली आहेत. ते योग्यच आहे, पण नवे लेप पाण्याला दाद देत नसले तरी तेलापुढे हार मानतात. त्यामुळे केसांना खोबरेल चोपडून टोपी घालणाऱ्यांनी ती अधिक वेळा धुवावी. कपड्यांची पावडर आणि कंडिशनर टाळावे, कोमट पाणी आणि सौम्य द्रव साबण घ्यावा आणि तो पूर्ण निघेपर्यंत खळखळून काढावा. लेबलवर परवानगी असेल तर वर कापड ठेवून मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळत नसतील तर फवारण्याचा लेप बाजारात मिळतो.

ओली टोपी सॅकच्या कप्प्यात तशीच राहिली तर दोन गोष्टी होतात. बुरशी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरी अशी की स्वस्त टोप्यांच्या आतला पॉलियुरेथेनचा थर दमट उष्णतेत हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि त्याचे पोपडे सुटतात. एकदा पोपडे सुटले की त्यावर उपाय नाही. म्हणून घरी आल्याच्या रात्रीच टोपी पंख्याखाली टांगावी, आणि पावसाळा संपल्यावर घडी न घालता, आत कागद भरून, कपाटात हवेशीर जागी ठेवावी.

हिमालयात जाणार असाल तर

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणारे मराठी ट्रेकर कमी नाहीत, आणि तिथे वरचे काही निष्कर्ष उलटतात. ३,००० मीटरच्या वर हवा गार असते, आतल्या-बाहेरच्या हवेत फरक असतो, त्यामुळे वाफ सोडणारा पडदा तिथे आपले काम चोख करतो आणि त्यासाठी मोजलेले पैसे वसूल होतात. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते ही समजूत खरी नाही; उघड्या डोक्यातून जाणारी उष्णता साधारण त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे दहाव्या भागाच्या आसपास असते. पण ओले डोके आणि वारा एकत्र आले तर तेवढेही पुरे होते. तिथे वॉटरप्रूफ टोपीखाली पातळ लोकरीची टोपी घालता येईल एवढे माप मोठे घ्यावे. धनगरांची घोंगडी ज्या गुणामुळे पावसातही अंगावर राहते तोच गुण इथे उपयोगी पडतो : लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते.

सह्याद्रीतही मुक्कामाच्या ट्रेकला एक साधी लोकरी किंवा फ्लीसची टोपी झिपलॉक पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावी आणि दिवसभर तिला हात लावू नये. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत संध्याकाळी ओले कपडे बदलल्यावर, डोके पंच्याने पुसून झाले की, मग ती पिशवी उघडावी.